खिंड उघडी आहे का?

परदेशातल्या डोंगराळ मुलखात मोटारसायकलवर एकट्यानं हिंडणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एक प्रश्न सतत असतो : पुढची खिंड उघडी आहे का? इटलीच्या उत्तरेतला पेट्रोल पंप असो, किर्गिझस्तानातला एखादा चायखाना असो की चिलीच्या सीमेवरची चौकी, विचारायचं हेच असतं. मिळणारं उत्तर फार तर त्या दिवसापुरतं चालतं. दुपारी ढग भरून आले, रात्री बर्फ पडलं, ओढ्याला पाणी चढलं किंवा दरड कोसळली की ते बाद होतं. मग थांबायचं, पुढं जायचं की मागं फिरायचं, हे नव्यानं ठरवावं लागतं आणि ते ठरवायला शेजारी कुणी नसतं. हा संग्रह त्या ठरवण्याविषयी आहे.

मोटारसायकलवरच्या दूरच्या प्रवासांबद्दल मराठीत आता पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. त्यात किलोमीटर असतात, देशांची संख्या असते, खिंडींच्या उंचीचे आकडे असतात. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण तेवढ्यानं हा प्रवास कळत नाही. डोंगरात एकट्यानं गाडी चालवताना कस लागतो तो तारतम्याचा. धाडसाचा नंबर त्यानंतर येतो. एकटेपण, डोंगर आणि परका देश यांतली प्रत्येक गोष्ट माणसाचा एकेक आधार काढून घेते. एकट्याची गाडी आडवी झाली तर उचलायला दुसरे हात नसतात. डोंगरात अलीकडच्या उतारावरची हवा पलीकडे टिकेलच याची खात्री नसते. परक्या देशात कायदा, भाषा, दवाखाना, सुट्या भागांचं दुकान यांतलं काहीच ओळखीचं नसतं. उरते ती आपली अक्कल आणि वाटेत भेटणारी माणसं. या प्रकारातलं जे लेखन टिकलं, ते या दोन गोष्टींबद्दल प्रामाणिक राहिल्यामुळेच टिकलं, असं माझं मत आहे.

आधी रस्त्यांविषयी बोलायला हवं, कारण आज ज्या वळणांवर हौसेनं गाड्या वळतात, त्यांतली बरीचशी वळणं हौसेसाठी बांधलेली नाहीत. आल्प्समधल्या स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियन साम्राज्यानं बांधून घेतला. लोम्बार्डी हा इटलीतला प्रांत साम्राज्याच्या उरलेल्या मुलखाशी जोडलेला राहावा, हा त्यामागचा हेतू. कार्लो दोनेगानी या अभियंत्यानं आखलेला हा रस्ता २,७५७ मीटर उंचीपर्यंत चढतो आणि प्राद गावाच्या बाजूनं त्याला ४८ नागमोडी वळणं आहेत. पामीरचा रस्ता सोव्हिएत राजवटीनं १९३० च्या दशकात किर्गिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानातल्या खोरोगपर्यंत नेला. त्यावरची अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. पाकिस्तान आणि चीन यांनी मिळून बांधलेला काराकोरम महामार्ग खुंजेराब खिंडीतून जातो आणि परदेशी प्रवाशांना तिथून सीमा ओलांडायची मुभा १९८६ साली मिळाली. चिलीतल्या कारेतेरा ऑस्ट्राल या रस्त्याचं काम १९७० च्या दशकात लष्करी राजवटीनं सुरू केलं. आपल्याकडे लडाखमधले उंच रस्ते सीमा रस्ते संघटनेनं केले, तेही आधी सैन्यासाठीच. याला अपवाद ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनर रस्त्याचा. १९३५ साली खुला झालेला हा रस्ता पर्यटकांना डोळ्यांसमोर ठेवून बांधला होता आणि आजही तिथं टोल भरावा लागतो.

हा इतिहास स्वाराच्या दृष्टीनं आजचा आहे. सैन्यासाठी झालेला रस्ता राज्यकर्त्यांच्या मर्जीनं उघडतो आणि मिटतो. ताजिकिस्तानच्या पामीर भागात जायला व्हिसाशिवाय वेगळा परवाना लागतो. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान यांची सीमा २०२१ च्या संघर्षानंतर सर्वसाधारण वाहतुकीला बंद झाली, ती मार्च २०२५ च्या सीमाकरारानंतर खुली झाली. खिंड उघडी आहे का, या प्रश्नात बर्फाइतकंच राजकारणही असतं.

मोटारसायकलवर एकट्यानं दूर जाणाऱ्यांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेचा कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी १९१२-१३ मध्ये हेंडरसन मोटारसायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. युरोपात बरोबर असलेला सोबती मागं फिरल्यावर तो एकटाच पुढं गेला आणि वाटेतून नियतकालिकाला वृत्तांत पाठवत राहिला. १९३२ साली रॉबर्ट एडिसन फुल्टन हा वास्तुकलेचं शिक्षण घेतलेला तरुण डग्लस मोटारसायकलवर लंडनहून निघाला आणि पुढच्या वर्षी जपानला पोचला. त्याचं ‘वन मॅन कॅरॅव्हॅन’ १९३७ साली आलं. या पहिल्या फळीचं लेखन मुख्यतः वार्ताहराचं. अमुक ठिकाणी रस्ता असा, पेट्रोल तिथं, पूल नाही. पुढच्या माणसाच्या उपयोगी पडावं ही त्यामागची भावना होती आणि आजही त्या लेखनाचा तोच गुण मनात भरतो.

या लेखनाची दुसरी धारा टेड सायमनपासून मोजता येते. १९७३ साली तो पाचशे सीसीच्या ट्रायम्फवर निघाला, चार वर्षं हिंडला आणि १९७९ साली त्याचं ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ प्रसिद्ध झालं. गाडी बंद पडली, सीमेवर अडकवून ठेवलं, आजारपण आलं, की आधीचे लोक त्याला प्रवासातला खोळंबा म्हणत. सायमननं त्या थांबण्यालाच प्रवासाचा गाभा मानलं, कारण माणसं तिथं भेटतात. सत्तरीच्या उंबरठ्यावर, २००१ साली, तो त्याच वाटेनं पुन्हा निघाला. बदललेलं जग आणि थकलेलं शरीर, दोन्हींबद्दल त्यानं तितक्याच सरळपणे लिहिलं. एकट्या स्वारानं अंतर्मुख होऊन लिहिण्याची रीत त्याच्यामुळे रुजली.

त्याच १९७३ साली फ्रान्सची ॲन-फ्रान्स दोतव्हिल सव्वाशे सीसीच्या कावासाकीवर एकटीनं जगाच्या फेरीला निघाली. १९८२ साली एल्सपेथ बिअर्ड ही लंडनमधली वास्तुकलेची विद्यार्थिनी जुन्या बीएमडब्ल्यूवर निघाली आणि जग फिरून आली. तिचं पुस्तक यायला मात्र २०१७ साल उजाडलं. लोइस प्राइसनं अलास्कापासून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकापर्यंतचा प्रवास २२५ सीसीच्या यामाहावर केला. नेदरलँड्सच्या नोराली स्कूनमाकर या भूवैज्ञानिक तरुणीनं २०१८ साली भारतात रॉयल एनफील्ड हिमालयन घेतली, तिचं नाव ‘बसंती’ ठेवलं आणि पुढं मध्य आशियातून ती मायदेशी पोचली. स्त्रियांचं हे लेखन आणि चित्रण मला या विषयातली तिसरी आणि सर्वांत समृद्ध धारा वाटते. मुक्कामाची जागा कशी निवडायची, कुणावर विश्वास ठेवायचा, कुणाच्या घरी चहाला जायचं आणि कुठून शांतपणे निघून यायचं, या निर्णयांकडे पुरुषांच्या लेखनात सहसा लक्ष नसायचं. या बायकांनी ते मध्यभागी आणले.

चौथी धारा पडद्यावरची. १९८० साली बीएमडब्ल्यूनं आर ८० जी/एस बाजारात आणली आणि डांबरी रस्ता व कच्ची वाट दोन्हींवर चालणारी मोठी मोटारसायकल हा प्रकार रूढ झाला. २००४ साली इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन या अभिनेत्यांच्या ‘लाँग वे राउंड’ मालिकेनं तो घराघरांत पोचवला. ते दोघं होते, सोबत चित्रीकरणाचा ताफा होता. तरी ती पाहून जगभर असंख्य माणसं एकट्यानं निघाली. तेव्हापासून या क्षेत्रात एक वाद चालू आहे : जड गाडी बरी की हलकी? लांब पल्ल्याला, वाऱ्यात आणि सामान लादून जायला जड गाडी स्थिर वाटते. पण चिखलात, वाळूत, नदीत ती आडवी झाली की एकट्याच्यानं उचलवत नाही. या संग्रहातले लेखकही या मुद्द्यावर एकमेकांशी सहमत नाहीत आणि मी तो मतभेद तसाच राहू दिला आहे.

आता हवामान. नवख्या वाचकानं डोंगराचं थोडं भौतिकशास्त्र समजून घेतलं तर पुढचे लेख अधिक उलगडतील. दर हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. प्राद गावात २५ अंश असेल, तर स्टेल्व्हिओच्या माथ्यावर तेरा-चौदा. त्यात गाडीचा वेग धरायचा. ५ अंशांत ताशी ९० किलोमीटरनं जाताना उघड्या कातडीला जाणवणारी थंडी शून्याखाली ३ अंशांची असते. अंगावरचे कपडे ओले असतील तर शरीर याहून झपाट्यानं गार पडतं. बोटं आखडतात आणि ब्रेकचा दांडा किती दाबला ते कळेनासं होतं. त्याहून घातक गोष्ट म्हणजे अंगातली ऊब उतरू लागली की विचार मंदावतो. ‘अजून थोडंच राहिलंय’ असं वाटू लागतं आणि माणूस चालवत राहतो.

विरळ हवेचंही तसंच. अक-बैतालवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडा जास्त उरतो. गाडीची ताकद तिथं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो, चढावर पहिल्या गिअरशिवाय भागत नाही. माणसाच्या मेंदूलाही तोच हिशेब लागू आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरहून जास्त चढवू नये, असा गिर्यारोहकांचा दंडक आहे. पायी चालणाऱ्याला शरीरच तो पाळायला लावतं. मोटारसायकल मात्र सुमारे हजार मीटरवरच्या ओशमधून एका दिवसात ३,९०० मीटरच्या वरच्या काराकुल सरोवरावर नेऊन सोडते. रात्री डोकं ठणकतं, झोप येत नाही, सकाळी साधा नकाशा वाचताना गोंधळ उडतो. म्हणून जाणती माणसं मध्ये सारी-ताश गावात मुक्काम करतात.

या विषयातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथं येतं. ज्या तारतम्यानं हवामान तोलायचं, नेमक्या त्याच तारतम्यावर हवामान घाला घालतं. गारठलेला, प्राणवायू कमी पडलेला माणूस आपण ठीक आहोत असं स्वतःला सांगत असतो. सोबत कुणी असेल तर तो चेहरा पाहून अडवतो. एकट्याला आरसा नसतो. म्हणून वरचा निर्णय खालीच, डोकं ताळ्यावर असताना करून ठेवावा लागतो. किती वाजेपर्यंत माथा गाठला नाही तर परत, बोटं बधिर झाली की थांबायचं, पाऊस बर्फात बदलला की चढाई बंद. अशा अटी आदल्या रात्री ठरवायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःशी वाटाघाटी करायच्या नाहीत. चांगल्या एकट्या स्वाराची ही खरी शिस्त.

नदी ओलांडण्याचं उदाहरण घ्या. बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांना पहाटे सर्वांत कमी पाणी असतं, कारण रात्रीच्या गारठ्यानं वितळणं थांबलेलं असतं. ऊन तापलं की पाणी चढत जातं आणि दुपारनंतर, संध्याकाळच्या सुमारास ऐन जोरावर येतं. त्यामुळे दुपारी चारला अशा ओढ्याशी पोचलेल्यानं अलीकडेच तंबू ठोकावा. सकाळी आधी पायी उतरून पलीकडे जाऊन यावं. जिथं पाणी पसरट आणि खळाळतं तिथं ते उथळ, जिथं अरुंद आणि गुळगुळीत दिसतं तिथं खोल. हिमनदीचं पाणी दुधाळ असल्यानं तळ दिसत नाही. काठीनं चाचपावा लागतो. तळातून दगड गडगडत गेल्याचा आवाज येत असेल तर उतरूच नये. मग पहिल्या गिअरमध्ये, क्लच सांभाळत, नजर पाण्यावर न ठेवता पलीकडच्या काठावर ठेवून जायचं. इंजिनात पाणी गेलंच तर स्टार्टर दाबायचा नाही. प्लग काढून आधी पाणी बाहेर काढायचं, नाहीतर आतले भाग वाकतात. हे सगळं कुणालाही शिकता येतं. अलीकडच्या काठावर एक रात्र थांबायला लागणारा धीर मात्र कमावावा लागतो.

मराठी स्वाराची शाळा सह्याद्रीत भरते. ताम्हिणी, वरंधा, माळशेज या घाटांत पावसाळ्यात ज्यानं गाडी चालवली आहे, त्याला धुकं, वाहता रस्ता, वळणावर उतरलेली माती आणि दरडीचा धोका शिकवावा लागत नाही. पॅटागोनियातला, सरळ रस्त्यावर गाडी तिरकी धरायला लावणारा वारा, कोरडी थंडी आणि विरळ हवा हे मात्र त्याच्या अनुभवाबाहेरचं असतं. आपण काय जाणतो आणि काय जाणत नाही, याची ही विभागणी लक्षात ठेवून हा संग्रह वाचावा.

दूर जाण्याची आणि त्यावर लिहिण्याची परंपराही इथं आहे. १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे गेलेल्या गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये, बंडाळीच्या मुलखात पायी चालणाऱ्या माणसाला रोज काय काय ठरवावं लागतं, ते लिहून ठेवलं. १९२३ साली मुंबईतून पारशी तरुणांची एक तुकडी सायकलवर जगाच्या फेरीला निघाली. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ साली फेरी पुरी करून परतले. आजच्या स्वारांचे हे पूर्वज आहेत.

मग हे पुस्तक आत्ताच का? पहिलं कारण असं की निघणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. २०१६ साली रॉयल एनफील्डची हिमालयन आली आणि खडबडीत वाटांवर चालणारी गाडी अनेकांच्या आवाक्यात आली. ओश किंवा बिश्केकला विमानानं जाऊन तिथं भाड्यानं गाडी घेता येते. स्वतःची गाडी नेणाऱ्याला काही देशांसाठी कार्ने हा दस्तऐवज लागतो. गाडी तिथं विकणार नाही, परत नेईन, याची ती हमी असते. नकाशा, हवामानाचा अंदाज, उपग्रहावरून मदतीची हाक देणारं यंत्र, सगळं खिशात मावतं. साधनं सोपी झाली की तारतम्य आपोआप येतं असं समजण्याची चूक सहज होते, म्हणून ते शिकवणारं लेखन हवं.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. डोंगर बदलत आहेत. मे २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या शिशपर हिमनदीमागचं तळं फुटून काराकोरम महामार्गावरचा हसनाबादचा पूल वाहून गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि तीस्तेच्या खोऱ्यात हाहाकार झाला. जुलै २०२५ मध्ये नेपाळ आणि तिबेट यांना जोडणारा रसुवागढीचा पूल पुरात गेला. भारतातून जमिनीवरून तिबेटकडे जाऊ पाहणाऱ्या स्वारांची ती नेहमीची वाट. अमुक महिन्यात अमुक खिंड सुरक्षित, हे जुनं शहाणपण आता तपासून घ्यावं लागतं. त्या खोऱ्यांत राहणाऱ्यांसाठी हा घरादाराचा प्रश्न आहे आणि तिथून जाणाऱ्यानं तो पाहून, समजून, नोंदवून ठेवणं हे त्याचं कर्तव्य आहे, असं मी मानतो.

या संग्रहाची मांडणी देशवार नाही, हवामानावर आहे. थंडी, पाऊस, वारा आणि विरळ हवा असे चार भाग केले आहेत. त्यामुळे आल्प्समधला अनुभव अँडीजमधल्या अनुभवाशेजारी येतो आणि वाचकाला तुलना करता येते. लेखकांना मी एकच विनंती केली होती : कुठं गेलात यापेक्षा, कुठं काय ठरवलंत आणि कशाच्या आधारावर, ते लिहा. कुणाला विचारलंत, कोण खरं बोललं, काय अंगावर होतं, आकाश कसं होतं. माघारी फिरलेल्यांचे लेख मुद्दाम घेतले आहेत आणि माथा गाठणाऱ्यांच्या लेखांइतकीच जागा त्यांना दिली आहे. विक्रम आणि वेग यांना इथं जागा नाही. यंत्राची माहिती जिथं निर्णयाशी जोडलेली आहे तिथंच ठेवली आहे.

आणखी एक सूत्र संपादन करताना हाती लागलं. एकट्या स्वारांच्या या लेखांत माणसं भरपूर आहेत. पामीरमधल्या मुर्गाबमध्ये डब्यातून पेट्रोल ओतून देणारा, ओढ्याची वाट दाखवणारा मेंढपाळ, गारठलेल्याला चुलीजवळ बसवणारी आजी, गाडी ट्रकमध्ये चढवून घेणारा चालक. एकटा निघालेला माणूस इतर कुणाहीपेक्षा जास्त दुसऱ्यांवर विसंबून असतो आणि स्थानिकांचं ऐकणं हेच त्याचं सर्वांत भरवशाचं हवामानखातं. म्हणून हे पुस्तक केवळ मोटारसायकलवाल्यांचं नाही. परक्या मुलखात अनोळखी माणसाचं म्हणणं मन लावून ऐकायचं आणि मग आपला निर्णय आपण घ्यायचा, हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्या सगळ्यांचं ते आहे.

ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं. जाण्याआधी या लेखांतली माघारीची पानं दोनदा वाचावीत, आपल्या अटी कागदावर लिहाव्यात आणि परत आल्यावर त्यांतली कुठली पाळली, कुठली मोडली, ते पुढच्या माणसासाठी खरेपणानं लिहावं. क्लॅन्सीपासून चालत आलेलं हे ऋण असंच फिटतं.